दुसरं पान आधीपासूनच असतं: ब्लॉगच्या यादीला पानांचे दुवे जोडताना

लेख शंभर, पण मुखपृष्ठावर दिसतात ताजे दहा, आणि दहाव्याच्या खाली थेट फूटर, म्हणजे पानाची तळपट्टी. वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालीच्या जुन्या, हलक्याफुलक्या किंवा घरी बनवलेल्या थीममध्ये, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचात, हे हमखास दिसतं. थीम करणाऱ्याने लेखांची यादी छापली, पण यादीच्या पुढच्या पानावर नेणारा दुवा छापायचं राहून गेलं. उरलेले नव्वद लेख डेटाबेसमध्ये सुखरूप आहेत, फक्त वाचकाला तिथे जायला वाट नाही.

अशा ब्लॉगवर एक प्रयोग करून पाहा. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ, ‘पेज’ हा शब्द, पुन्हा तिरकी रेघ आणि २ हा आकडा असं इंग्रजी लिपीत टाइप करा. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल आणि लेखांचे पत्ते वाचता येतील अशा स्वरूपात ठेवलेले असतील, तर अकरावा ते विसावा लेख समोर येतो. पत्ते साधे, प्रश्नचिन्हवाले ठेवले असतील तर प्रश्नचिन्हानंतर ‘पेज्ड’ बरोबर २ असं लिहावं लागतं. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: दुसरं पान आपण बनवायचं नसतं. वर्डप्रेसने ते आधीच तयार ठेवलेलं असतं, आपण फक्त तिकडे बोट दाखवणारा दुवा लावायचा.

हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो. दुवे लावणं हे एका ओळीचं काम आहे. अडचणी येतात त्या जवळजवळ सगळ्या दुव्यांच्या नसून, दुवे ज्या मोजणीवर उभे असतात त्या मोजणीच्या असतात. म्हणून आधी मोजणी.

पानांचा हिशेब कोण करतं

वाचकाने पत्ता उघडला की वर्डप्रेस सर्वांत आधी तो पत्ता वाचून ठरवतं की नेमकं काय मागितलं आहे: मुखपृष्ठ, एखादा विभाग, शोधाचा निकाल की एकच लेख. त्यावरून ते डेटाबेसला एक प्रश्न विचारतं. या प्रश्नाला मुख्य क्वेरी म्हणतात. एका पानावर किती लेख द्यायचे हा आकडा सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ या भागातून येतो. तिथे कोणी हात लावला नसेल तर तो १० असतो. पहिल्या पानासाठी प्रश्न असतो, ‘सर्वांत नवे दहा द्या’. दुसऱ्यासाठी, ‘पहिले दहा सोडा, पुढचे दहा द्या’. सातव्यासाठी, ‘साठ सोडा, पुढचे दहा द्या’.

याच वेळी आणखी एक गोष्ट विचारली जाते: या अटीत बसणारे लेख एकूण किती? समजा ९५. त्याला १० ने भागलं की येतात साडेनऊ, आणि अपूर्णांक वरच्या पूर्णांकाकडे नेला की १० पानं. हा दहाचा आकडा ‘मॅक्स नम पेजेस’ या नावाने जपून ठेवला जातो. पुढे जी जी फंक्शन्स, म्हणजे वर्डप्रेसच्या तयार आज्ञा, दुवे छापतात, ती सगळी हाच आकडा पाहतात. शेवटचं पान कुठलं, ‘पुढे’ हा दुवा दाखवायचा की नाही, मधे टिंबं द्यायची का, सगळं त्यावर ठरतं.

आणि आता सर्वांत महत्त्वाची बाब. हा सगळा व्यवहार थीमची टेम्प्लेट फाइल, म्हणजे पान छापणारी फाइल, उघडण्यापूर्वी पूर्ण होतो. थीमच्या हातात पडते ती तयार यादी. थीममधला लूप म्हणजे त्या यादीतला एकेक लेख उचलून छापणारं चक्र, त्यापलीकडे काही नाही. या क्रमाचं महत्त्व पुढे ‘पान सापडलं नाही’ हा फलक दिसायला लागला की कळतं.

ओळ कुठे लिहायची

थीम दुसऱ्याने बनवलेली असेल तर तिच्या मूळ फाइलीत लिहू नका. थीमचं पुढचं अपडेट आलं की तुमची ओळ पुसली जाते. आधी चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली आणि फक्त आपले बदल ठेवणारी वेगळी थीम, करा, हवी ती टेम्प्लेट फाइल त्यात उतरवून घ्या आणि तिथे बदल करा.

कुठली फाइल? किमान ‘इंडेक्स’, आणि थीममध्ये असतील तर ‘होम’, ‘आर्काइव्ह’, ‘कॅटेगरी’ आणि ‘सर्च’. इथे बरेच जण मुखपृष्ठावर दुवे आले म्हणून थांबतात, आणि विभागांच्या याद्या तशाच दुव्यांवाचून राहतात. थीम नीट रचलेली असेल तर यादीचा भाग एकाच तुकड्यात असतो आणि सगळ्या फाइली तोच बोलावतात. मग एका ठिकाणी लिहून भागतं.

फाइलीत लूप शोधा. ‘हॅव पोस्ट्स’ ही चाचणी, ‘व्हाइल’ने सुरू होणारं चक्र आणि ते बंद करणारी ‘एंडव्हाइल’ ही ओळ दिसेल. दुव्यांची ओळ ‘एंडव्हाइल’च्या नंतर, पण ‘एल्स’ किंवा ‘एंडइफ’च्या आधी. चक्राच्या आत लिहिलीत तर प्रत्येक लेखाखाली दुव्यांची रांग छापली जाईल. चूक असली तरी ती लगेच दिसते, त्यामुळे फारशी धोक्याची नाही.

आता फंक्शन. इथे नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची असतात. सरळ उत्तर हवं असेल तर ‘द पोस्ट्स पेजिनेशन’ वापरा. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ४.१ पासून ते मूळ संचातच आहे. एवढी एक ओळ लिहिली की आकडे, आधीचं-पुढचं आणि टिंबं हे सगळं येतं. पाचव्या पानावर असाल आणि एकूण पानं दहा असतील तर रांग साधारण अशी दिसते: १ … ४ ५ ६ … १०. चालू पानाच्या दोन्ही बाजूंना किती आकडे हवेत ते ‘मिड साइझ’ या पर्यायाने ठरतं. काही न सांगितल्यास एकेक. आकडे नकोत, फक्त ‘जुने लेख’ आणि ‘नवे लेख’ असे दोनच दुवे हवेत, तर ‘द पोस्ट्स नॅव्हिगेशन’.

यांच्याही आधीची जोडी म्हणजे ‘नेक्स्ट पोस्ट्स लिंक’ आणि ‘प्रीव्हिअस पोस्ट्स लिंक’. ती अजूनही चालते आणि जुन्या थीममध्ये सर्रास सापडते. तिच्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की ‘नेक्स्ट’वालं फंक्शन जुन्या लेखांकडे नेतं. ते पानांच्या क्रमाने बोलतं, काळाच्या नाही. पुढचं पान म्हणजे आणखी जुने लेख. दुसरा जास्त छळतो. ‘प्रीव्हिअस पोस्ट लिंक’ असं, शेवटच्या ‘एस’शिवाय, एक वेगळंच फंक्शन आहे. ते एकाच लेखाच्या पानावर शेजारच्या लेखाकडे नेण्यासाठी आहे. यादीच्या पानावर चुकून तेच लिहिलं गेलं तर भलतंच काहीतरी छापलं जातं किंवा काहीच छापलं जात नाही, आणि त्या एका अक्षरावरून डोळा सहज घसरतो.

एकच लांबलचक लेख तोडून दोन-तीन पानांत दाखवायचा असेल तर त्याची व्यवस्था निराळी आहे. लेखात ‘नेक्स्टपेज’ची खूण घालायची आणि थीममध्ये ‘डब्ल्यूपी लिंक पेजेस’ हे फंक्शन असायला हवं. त्याचा यादीशी काही संबंध नाही.

रूप

फंक्शन जे छापतं ते अगदी उघडंबोडकं असतं, आकड्यांची एक साधी रांग. पण प्रत्येक तुकड्याला ओळखीची क्लास-नावं मिळालेली असतात: सगळ्या आकड्यांना ‘पेज-नंबर्स’, चालू पानाला त्याखेरीज ‘करंट’, टिंबांना ‘डॉट्स’, बाजूच्या दुव्यांना ‘प्रेव्ह’ आणि ‘नेक्स्ट’. या नावांना धरून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या नियमांत, हवं ते करा.

रंगरूपाची आवड ज्याची त्याची. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन: आकड्यांभोवतीची जागा. ‘१’ हा आकडा कागदावर ठीक आहे, फोनवर अंगठ्याने टिपायला फार बारीक. सर्वांसाठी वापरता येण्याजोग्या वेबपानांच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या निकषांत दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेलचं माप दिलं आहे. ते किमान आहे. त्याहून ऐसपैस ठेवा. चालू पान नुसत्या रंगाने वेगळं दाखवू नका, ठळक अक्षर किंवा चौकट द्या, कारण रंगातला फरक सगळ्यांना दिसतोच असं नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन, वापरणाऱ्यांसाठी फंक्शन स्वतःच एक मथळा छापतं आणि चालू पानावर तशी खूणही करतं. तो मथळा ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ या क्लासचा असतो आणि थीमच्या सीएसएसने तो नजरेआड करायचा असतो. जुन्या थीममध्ये ती नियमावली नसेल तर मथळा पानावर ठळकपणे उमटतो. त्याला मुळापासून काढून टाकू नका, फक्त डोळ्यांआड करा.

दुव्यांवरचे शब्द ‘प्रेव्ह टेक्स्ट’ आणि ‘नेक्स्ट टेक्स्ट’ या पर्यायांनी बदलता येतात. ‘मागे’ आणि ‘पुढे’ यापेक्षा ‘नवे लेख’ आणि ‘जुने लेख’ मला बरे वाटतात. वाचकाला पानाशी नाही, लेखाशी देणंघेणं असतं.

दुवे आहेत, पण पानं चुकतात

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण मदत मागणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

पुष्कळ थीम मुख्य क्वेरीने आणलेली यादी बाजूला ठेवून स्वतःची वेगळी क्वेरी चालवतात. म्हणजे वर्डप्रेसने दहा लेख आणून दिले आणि थीमने ते न वापरता पुन्हा डेटाबेस गाठून स्वतःच्या अटींनी पाच आणले. आता एक हिशेब करू. ब्लॉगवर लेख १५. सेटिंग्जमध्ये १०, थीमच्या क्वेरीत ५. थीमच्या हिशेबाने पानं तीन, आणि तिने तिसऱ्या पानाचा दुवा छापला. वाचकाने तो दाबला. पण तिसऱ्या पानाची मागणी आधी जाते मुख्य क्वेरीकडे, आणि तिच्या हिशेबाने पंधरा लेखांची पानं दोनच. तिसऱ्यावर लेख शून्य, म्हणून वर्डप्रेस ४०४ चा, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा, फलक लावून मोकळं होतं. थीमची क्वेरी चालायची वेळच येत नाही. दुसरं पान मात्र व्यवस्थित उघडतं, कारण मुख्य क्वेरीकडेही दुसरं पान आहे. त्यामुळे दुरुस्ती करणारा बुचकळ्यात पडतो: दोन चालतं, तीन का नाही? मग पत्त्यांची सेटिंग्ज पुन्हा जतन करून बघणं, प्लगइन बंद-चालू करून बघणं, असा रात्रभराचा उद्योग सुरू होतो. दुवा बरोबर होता. मोजणारे दोघे होते आणि दोघांचे आकडे जुळत नव्हते.

यावरचा खरा उपाय म्हणजे दुसरी क्वेरी काढून टाकणं आणि पहिलीच्याच कानात आपली अट सांगणं. त्यासाठी ‘प्री गेट पोस्ट्स’ हा हुक, म्हणजे वर्डप्रेसच्या कामात मधेच आपली आज्ञा अडकवायची जागा, आहे. मुख्य क्वेरी डेटाबेसकडे जाण्याच्या क्षणभर आधी तो आपल्याला ती गाठून देतो: पानावर पाच लेख दे, अमुक विभाग वगळ, वगैरे. मोजणी एकच राहते आणि दुवे आपोआप बरोबर येतात. फक्त हुकमध्ये दोन गोष्टी तपासायला विसरू नका: ही मुख्य क्वेरीच आहे ना, आणि आपण प्रशासकीय भागात तर नाही ना. नाहीतर बाजूपट्टीतली ‘ताजे लेख’ची यादी आणि डॅशबोर्डमधली लेखांची यादीसुद्धा तुमच्या अटीला बळी पडते. ‘क्वेरी पोस्ट्स’ नावाचं जुनं फंक्शन जुन्या धड्यांमध्ये अजून सुचवलेलं दिसतं. ते मुख्य यादी आणून झाल्यावर तिच्या जागी दुसरी बसवतं, म्हणजे काम दुप्पट आणि गोंधळ तोच. ते दिसलं तर तो धडा तिथेच बंद करा.

वेगळी क्वेरी खरोखर लागतेच अशाही जागा आहेत, जसं एखाद्या स्थिर पानावर ठरावीक विभागाची यादी. तिथे तीन गोष्टी हाताने जुळवाव्या लागतात. चालू पान कितवं हे ‘पेज्ड’ या क्वेरी-चलातून, म्हणजे वर्डप्रेसने पत्त्यातून वाचून ठेवलेल्या किमतीतून, वाचून आपल्या क्वेरीला द्यायचं. हे विसरलं की पत्त्यात २ दिसतो, पण लेख मात्र पहिल्याच पानाचे. मग ‘पेजिनेट लिंक्स’ या फंक्शनला आपल्या क्वेरीची एकूण पानं आणि चालू पान स्वतः सांगायचं, कारण त्याला काही न सांगितल्यास ते मुख्य क्वेरीचे आकडे उचलतं. आणि हेच पान ब्लॉगचं स्थिर मुखपृष्ठ म्हणून लावलेलं असेल तर आकडा ‘पेज्ड’मध्ये नाही, ‘पेज’मध्ये सापडतो. हा शेवटचा फरक का ठेवला आहे याचं समाधानकारक कारण देणं कठीण आहे. लक्षात ठेवणं सोपं आहे.

‘ऑफसेट’ वापरणाऱ्यांचं दुखणं निराळं. पहिला लेख वर मोठ्या चित्रासह दाखवला, म्हणून खालच्या यादीत ‘एक सोडून सुरुवात कर’ असं क्वेरीला सांगितलं. ऑफसेट दिला की वर्डप्रेस पानाचा क्रमांक विचारातच घेत नाही. त्यामुळे दुसरं, तिसरं, चौथं, सगळी पानं तेच लेख दाखवतात. मग ऑफसेट दर पानाला स्वतः मोजावा लागतो, आणि एकूण संख्येतून एक वजाही करावा लागतो. त्यापेक्षा त्या मोठ्या लेखाचा क्रमांक देऊन तो यादीतून वगळणं सुटसुटीत.

उलट प्रकारही घडतो: पानं आहेत, पण दुवे छापलेच जात नाहीत. अशा वेळी क्वेरीत ‘नो फाउंड रोज’ हा पर्याय लावला आहे का ते पाहा. तो लावला की एकूण मोजणी टाळली जाते, क्वेरी जलद होते आणि पानांची संख्या शून्य येते. छोट्या बाजूपट्टीसाठी उत्तम, यादीसाठी घातक. ‘गेट पोस्ट्स’ हे फंक्शन हा पर्याय गुपचूप लावतं, म्हणून त्याच्या यादीला पानांचे दुवे जोडता येत नाहीत. आणि हेही विसरू नका की लेखच दहापेक्षा कमी असतील तर एकच पान असतं, आणि तेव्हा काहीही न छापणं हेच बरोबर वागणं आहे.

वर चिकटवलेले लेखही मोजणी थोडी बिघडवतात. असा लेख मुखपृष्ठाच्या पहिल्या पानावर वर आणून ठेवला जातो, जादा म्हणून. म्हणजे पहिल्यावर दहाऐवजी अकरा दिसू शकतात, आणि पुढे त्याच्या मूळ जागी तोच लेख पुन्हा भेटतो. हा बिघाड नाही, ठरवून केलेली रचना आहे.

ब्लॉक थीममध्ये

वर्डप्रेस ५.८ मध्ये, २०२१ साली, ‘क्वेरी लूप’ हा ब्लॉक, म्हणजे संपादकात पानावर ठेवायचा तयार तुकडा, आला, आणि पुढच्या वर्षीच्या ५.९ पासून संपूर्ण थीमच ब्लॉक्सनी रचता येऊ लागली. तिथे पीएचपी, म्हणजे थीमच्या फाइलींची भाषा, लिहायची गरज नाही. क्वेरी लूपच्या आत ‘पेजिनेशन’ ब्लॉक टाकायचा. त्यात मागचा दुवा, आकडे आणि पुढचा दुवा हे तीन तुकडे असतात, हवे ते ठेवायचे. मात्र मुख्य क्वेरी आणि वेगळी क्वेरी हा झगडा इथेही आहे, फक्त बटणाच्या रूपात: यादी टेम्प्लेटकडून घ्यायची की स्वतःच्या अटींनी आणायची. विभागाच्या टेम्प्लेटमध्ये हा पर्याय चुकला की प्रत्येक विभागात सगळे लेख दिसू लागतात.

सरकणारी पानं

पानांच्या आकड्यांत एक मूलभूत कमतरता आहे आणि ती कुठल्याही फंक्शनने जात नाही. मोजणी नव्याकडून जुन्याकडे होते. वर्तमानपत्रांचा गठ्ठा समजा, रोजचा अंक वरून ठेवला जातो: ‘वरून अकरावा’ अंक आज जो आहे तो उद्या नसतो. तसंच, वाचक पहिलं पान वाचत असताना नवा लेख प्रकाशित झाला तर दहावा लेख अकरावा होतो, आणि त्याला दुसऱ्या पानाच्या डोक्यावर नुकताच वाचलेला लेख पुन्हा दिसतो. म्हणून कुणाला लेख पाठवायचा असेल तर लेखाचा दुवा द्यावा, ‘चौथ्या पानावर आहे’ असं सांगू नये.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथे ‘जुने लेख’ या दुव्यात पानाचा क्रमांक नसतो, तारीख आणि वेळ असते: या क्षणाच्या आधीचे द्या. वर कितीही नवे लेख आले तरी ही जागा हलत नाही. किंमत अशी की ‘सातव्या पानावर जा’ म्हणायची सोय उरत नाही, कारण सातवं पान असं काही नसतंच. ब्लॉगरच्या थीममध्ये आकडे हवे असणाऱ्यांना त्यामुळे जावास्क्रिप्टची कसरत करावी लागते.

शोधयंत्रांच्या बाबतीत दोनच गोष्टी. गूगलने मार्च २०१९ मध्ये सांगून टाकलं की पानांचा क्रम दाखवणाऱ्या ‘रेल नेक्स्ट’ आणि ‘रेल प्रेव्ह’ या खुणा ते आता अनुक्रमणीसाठी, म्हणजे पानांची नोंद करण्यासाठी, वापरत नाही. म्हणजे पानापानांना जोडणारे साधे, दिसणारे दुवेच महत्त्वाचे. दुसरं, पान दोन, तीन, चार यांचा शोधयंत्राला सांगायचा अधिकृत पत्ता म्हणून पान एकचा पत्ता देण्याचा सल्ला कुठे वाचलात तर पाळू नका. त्या पानांवरचे लेख वेगळे आहेत. प्रत्येक पानाचा अधिकृत पत्ता ते पान स्वतः.

अखंड सरकत जाणारी यादी हल्ली अनेकांना आवडते. ब्लॉगसाठी मला ती पटत नाही. फूटर कधी हाती लागत नाही, आणि एखादा लेख उघडून मागे आलं की बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सरकवत बसावं लागतं. ‘आणखी दाखवा’ हे बटण त्यातल्या त्यात बरं, पण त्याच्या मुळाशी खरा पत्ता असलेला दुवा असावा, म्हणजे स्क्रिप्ट बंद पडली तरी वाट उरते.

सगळं जोडून झालं की तपासण्यासाठी शंभर खोटे लेख बनवायची गरज नाही. ‘रीडिंग’मधला आकडा काही वेळ २ करा. पाच-सहा लेखांचा ब्लॉगसुद्धा लगेच तीन पानांचा होतो. मग पहिलं, मधलं आणि शेवटचं पान उघडा. शेवटच्यावर ‘जुने लेख’ दिसता कामा नये. पत्त्यात शेवटच्याच्याही पुढचा आकडा टाका, तिथे ४०४ यायलाच हवा. हेच एका विभागात आणि शोधाच्या निकालात करून पाहा. शोधाच्या दुसऱ्या पानावर शोधलेला शब्द पत्त्यात टिकला आहे ना, तेवढं बघा. झालं की आकडा परत १० करा.